चौथी चिठ्ठी

गटाने मिळून तर्ककोडी सोडवण्याची सत्रे मी गेली काही वर्षे घेत आहे. कधी ती नव्याने एकत्र आलेल्या चमूसाठी असतात, कधी शिक्षकांसाठी, तर कधी एकाच संस्थेतल्या अशा दोन विभागांसाठी, ज्यांचे एकमेकांशी बोलणे पत्रापुरते उरलेले असते. या सर्वांतले एक सत्र माझ्या मनातून जात नाही, कारण त्या दिवशी गटाचे कोडे चुकले आणि ते नेमके कोणत्या क्षणी चुकले, हे मला समोर बसून पाहता आले.

कोडे लहानसे होते. सोमवार ते शुक्रवार अशा पाच दिवसांत गणित, संगीत, इतिहास, चित्रकला आणि खगोलशास्त्र या पाच विषयांवर रोज एक याप्रमाणे व्याख्याने आहेत. कोणत्या दिवशी कोणता विषय, ते शोधून काढायचे. गटात चार जण होते आणि प्रत्येकाच्या हाती एक चिठ्ठी होती. पहिल्या चिठ्ठीवर लिहिले होते की संगीताचे व्याख्यान इतिहासाच्या लगेच दुसऱ्या दिवशी आहे. दुसऱ्या चिठ्ठीनुसार चित्रकलेचे व्याख्यान बुधवारी होते. तिसरी सांगत होती की खगोलशास्त्राचे व्याख्यान गणिताच्या आधी केव्हातरी आहे. चौथ्या चिठ्ठीवर एवढेच होते की गणिताचे व्याख्यान सोमवारीही नाही आणि शुक्रवारीही नाही.

पाच मिनिटांच्या आत गटाने उत्तर जाहीर केले: सोमवारी इतिहास, मंगळवारी संगीत, बुधवारी चित्रकला, गुरुवारी खगोलशास्त्र आणि शुक्रवारी गणित. तिघांचे चेहरे खुलले होते. चौथ्या सदस्या, ज्यांच्या हातात ती शेवटची चिठ्ठी होती, त्यांनी एकदा फळ्याकडे पाहिले, एकदा चिठ्ठीकडे पाहिले, आणि मग चिठ्ठीची घडी घालून ती मुठीत धरली. त्या काहीच बोलल्या नाहीत.

सत्र संपल्यावर मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "माझ्या चिठ्ठीत तशी काही माहितीच नव्हती. गणित कधी नाही एवढेच लिहिले होते, कधी आहे ते नव्हते. आणि सगळे इतक्या खात्रीने बोलत होते, की मला वाटले माझ्याच वाचण्यात काहीतरी चुकले असेल."

त्यांनी सांगितलेल्या या दोन कारणांवर मी पुष्कळ विचार केला आहे. त्यांतले पहिले माहितीच्या मोलाविषयी आहे आणि दुसरे माणसाच्या मोलाविषयी. गटात बोलणे कसे दबते, याची ही दोन्ही कारणे एकमेकांत इतकी गुंतलेली असतात की बाहेरून पाहणाऱ्याला फक्त एक 'अबोल' व्यक्ती दिसते. खरे पाहता, नकारार्थी माहितीही माहितीच असते. वरच्या कोड्यात चौथी चिठ्ठी बाजूला ठेवली, तर उरलेल्या तीन चिठ्ठ्यांशी जुळणाऱ्या मांडण्या दोन निघतात: एक गटाने जाहीर केलेली, आणि दुसरी सोमवारी खगोलशास्त्र, मंगळवारी गणित, बुधवारी चित्रकला, गुरुवारी इतिहास, शुक्रवारी संगीत अशी. यांतली पहिली मांडणी केवळ चौथ्या चिठ्ठीमुळे बाद होते. गटाला दोनपैकी एक मांडणी आधी सापडली, ती हाताशी असलेल्या सर्व विधानांशी जुळली, आणि तेथेच शोध थांबला. आपल्याला अजून एक विधान ऐकायचे राहिले आहे, हे कोणाच्याच ध्यानात आले नाही.

या प्रसंगात माझी चूक मोठी होती. सुरुवातीला मी फक्त "सर्वांनी सहभाग घ्या, सर्वांना बोलू द्या" एवढे सांगितले होते आणि त्यावर विसंबून राहिले होते. असे आवाहन ऐकायला चांगले वाटते, परंतु ज्याला बोलण्याची सवय आहे त्याला ते आपल्यासाठी आहे असे वाटत नाही, आणि ज्याला बोलणे जड जाते त्याच्यावर ते आणखी एक ओझे टाकते. त्या दिवसानंतर मी सर्वसमावेशक संवादाविषयी उपदेश करणे जवळजवळ सोडून दिले. जे साधायचे आहे ते कोड्याच्या रचनेत आणि नियमांतच बांधले पाहिजे, असे माझे ठाम मत झाले आहे.

गटांचे वागणे अभ्यासणाऱ्या मानसशास्त्रज्ञांना हा प्रकार चांगला परिचित आहे. गॅरल्ड स्टासर आणि विल्यम टायटस यांनी १९८५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थी संघटनेच्या अध्यक्षपदासाठी तीन काल्पनिक उमेदवार होते आणि चार-चार जणांच्या गटांनी त्यांतून एकाची निवड करायची होती. सर्व माहिती एकत्र केली तर एक उमेदवार स्पष्टपणे सरस ठरत होता. पण काही गटांत त्याच्या जमेच्या बाजू चौघांत अशा वाटून दिल्या होत्या की प्रत्येकाला त्यांतला थोडासाच भाग दिसावा, आणि उणिवा मात्र सर्वांना दिसाव्यात. चर्चेतून हे तुकडे एकत्र येतील आणि चित्र पालटेल अशी अपेक्षा कोणीही केली असती. प्रत्यक्षात गट बहुतेक वेळ जे सर्वांना आधीच ठाऊक होते त्याविषयीच बोलत राहिले आणि सरस उमेदवार मागे पडला. पुढे या धर्तीवर अनेक प्रयोग झाले. लू, युआन आणि मॅकलिऑड यांनी २०१२ मध्ये अशा ६५ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा असे आढळले की ज्या गटांत माहिती अशी विखुरलेली होती, त्यांना योग्य उत्तर सापडण्याची शक्यता, सर्वांना सर्व माहिती असलेल्या गटांच्या तुलनेत आठ पटींनी कमी होती.

मला यातली यंत्रणा अधिक महत्त्वाची वाटते. एखादी गोष्ट दोघा-तिघांना ठाऊक असली की ती चर्चेत येण्याची शक्यता आपोआप वाढते, कारण ती उच्चारू शकणारी तोंडे अधिक असतात. ती उच्चारली गेली की इतर माना डोलावतात, बोलणाऱ्याला आपण जाणकार असल्यासारखे वाटते आणि ऐकणाऱ्यालाही आपले ज्ञान बरोबर असल्याचा दिलासा मिळतो. याउलट जी गोष्ट एकट्यालाच ठाऊक आहे, तिला दुजोरा देणारा कोणीच नसतो. ती सांगणाऱ्याला सगळ्यांच्या नजरा झेलाव्या लागतात. ती व्यक्ती नवी असेल, वयाने लहान असेल, चर्चेची भाषा तिची घरची भाषा नसेल, किंवा आजवर तिचे बोलणे दोनदा मध्येच तोडले गेले असेल, तर तिच्यापुरता हा हिशेब फारच महाग पडतो. म्हणून एकाकी माहिती आणि एकाकी माणूस यांची गाठ पडते तेव्हा गटाचे सर्वांत जास्त नुकसान होते.

तर्ककोड्याचा उपयोग नेमका येथे आहे. कामाच्या ठिकाणी एखादी महत्त्वाची बाब बोलली गेली नाही, तर तिचा परिणाम महिन्यांनी दिसतो आणि तोवर कारण पुसले गेलेले असते. कोड्यात तोच परिणाम पाच मिनिटांत, सर्वांसमोर आणि वादाला जागा न ठेवता दिसतो. उत्तर जाहीर झाल्यावर चौथी चिठ्ठी मोठ्याने वाचली की शुक्रवारचे गणित तेथल्या तेथे कोसळते. कोणाचा स्वभाव चांगला की वाईट, कोणाचा हेतू काय, हे प्रश्नच उद्भवत नाहीत. एक वाक्य ऐकायचे राहिले, एवढीच वस्तुस्थिती समोर उरते, आणि तिच्याविषयी माणसे मोकळेपणाने बोलू शकतात.

यासाठी कोडे मात्र तसे रचावे लागते. माझी पहिली कसोटी अशी, की प्रत्येक चिठ्ठी अपरिहार्य असली पाहिजे. एकेक चिठ्ठी बाजूला ठेवून मी उरलेल्यांवरून किती मांडण्या शक्य आहेत ते कागदावर मोजते. वरच्या कोड्यात पहिली चिठ्ठी काढली तर सहा मांडण्या उरतात, दुसरी काढली तरी सहा, तिसरी काढली तर दोन आणि चौथी काढली तरी दोन. कोणतीही चिठ्ठी काढून एकच मांडणी उरत असेल, तर ती चिठ्ठी धरणारी व्यक्ती गटासाठी शोभेपुरती आहे, असा त्याचा अर्थ होतो, आणि त्या व्यक्तीला ते लवकरच कळते. सहभागाचा देखावा करण्यापेक्षा त्या व्यक्तीला निरीक्षक म्हणून उघडपणे बसवणे अधिक प्रामाणिक आहे.

दुसरा नियम म्हणजे चिठ्ठी वाचून दाखवायची, पुन्हा पुन्हा वाचून दाखवायची, पण दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही. या एका नियमाने सत्राचे रूप किती बदलते, ते पाहिल्याशिवाय पटत नाही. चिठ्ठ्या टेबलाच्या मध्यभागी ठेवण्याची मुभा दिली की सर्वांत चपळ माणूस त्या स्वतःकडे ओढतो, ओळीने लावतो आणि बाकीचे त्याच्या खांद्यावरून पाहत राहतात. चिठ्ठी ज्याच्या त्याच्या हातात राहिली, तर त्या चपळ माणसालाही वळून विचारावे लागते, "तुमचे वाक्य पुन्हा एकदा सांगता का?" हा प्रश्न विचारला जाणे आणि त्याचे उत्तर शांतपणे ऐकून घेतले जाणे, यासाठीच मी एवढा खटाटोप करते.

प्रसिद्ध कोडी जशीच्या तशी गटापुढे ठेवू नयेत, असे माझे मत आहे. पाच घरांचे आणि झेब्र्याचे कोडे अनेकांना ठाऊक असते. ते आइनस्टाइनने रचले असे सांगितले जाते, पण त्याला पुरावा नाही. 'लाइफ इंटरनॅशनल' या नियतकालिकाच्या १७ डिसेंबर १९६२ च्या अंकात ते पंधरा विधानांसह छापून आले होते. एका कागदावर ती पंधरा विधाने गटाला दिली, तर कागद ज्याच्या पुढ्यात आणि पेन्सिल ज्याच्या हातात, त्याचेच ते कोडे होते. शिवाय त्यात घरमालकांची ओळख त्यांच्या राष्ट्रीयत्वावरून आणि ते ओढत असलेल्या सिगारेटींच्या नावांवरून होते. ती नावे आज अनेकांना परकी वाटतात आणि काहींना खटकतात. पहिले विधान तर केवळ पाच घरे आहेत एवढेच सांगते. मी त्याचा सांगाडा ठेवते, मजकूर नव्याने लिहिते आणि पाच जणांत विधाने वाटताना प्रत्येकाच्या वाट्याला निदान एक तरी कळीचे विधान येईल याची काळजी घेते.

गट चुकतात याची उदाहरणे दिली, म्हणून गटाने विचार करणेच व्यर्थ असा ग्रह होऊ नये. उलट तर्काच्या प्रश्नांत गटाची ताकद थक्क करणारी असू शकते. पीटर वेसन यांनी १९६६ मध्ये मांडलेला चार पत्त्यांचा प्रश्न घ्या. टेबलावर चार पत्ते आहेत आणि त्यांच्या दिसणाऱ्या बाजूंवर अनुक्रमे अ, क, ४ आणि ७ असे लिहिलेले आहे. प्रत्येक पत्त्याच्या एका बाजूला अक्षर आहे आणि दुसऱ्या बाजूला अंक. नियम असा सांगितला आहे की एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम अंक असतो. हा नियम खरा की खोटा हे तपासण्यासाठी नेमके कोणते पत्ते उलटावे लागतील? बहुतेक लोक अ आणि ४ सांगतात, किंवा फक्त अ. बरोबर उत्तर अ आणि ७ असे आहे, कारण ७ च्या मागे स्वर निघाला तर नियम मोडतो. ४ च्या मागे काहीही निघाले तरी नियमाला धक्का लागत नाही.

डेव्हिड मोशमन आणि मॉली गील यांनी १९९८ मध्ये हाच प्रश्न महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना दिला. एकेकट्याने सोडवणाऱ्यांपैकी ९ टक्क्यांना तो सुटला, आणि पाच-सहा जणांच्या गटांपैकी ७५ टक्क्यांना. यात बहुमताच्या दबावाचा भाग असता, तर गटांनी सर्वांना आकर्षक वाटणारे चुकीचे उत्तरच उचलले असते. तसे झाले नाही, कारण सदस्यांनी एकमेकांना कारणे विचारली आणि त्या कारणांची एकत्र बांधणी केली. मी हा प्रश्न सत्रात वापरते तेव्हा आधी तीन मिनिटे प्रत्येकाने एकट्याने विचार करून आपले उत्तर लिहून ठेवायचे असते. या तीन मिनिटांचा फायदा असा, की जो सावकाश विचार करतो त्याच्याजवळही चर्चेत उतरताना स्वतःचे काहीतरी असते, आणि पहिल्या बोलणाऱ्याचे उत्तर सर्वांचे उत्तर होऊन बसत नाही. त्यानंतर ज्या कोणाच्या तोंडून "पण ७ च्या मागे स्वर असेल तर?" हा प्रश्न निघतो, ती व्यक्ती बहुधा खोलीतली सर्वांत मोठ्या आवाजाची नसते, असा माझा अनुभव आहे.

स्टासर-टायटस यांचे गट आणि मोशमन-गील यांचे गट यांत फरक कोठे पडला? माझ्या समजुतीप्रमाणे, चार पत्त्यांच्या प्रश्नात सर्व सामग्री सर्वांसमोर असते आणि फक्त तर्क वाटून घ्यायचा असतो. एकाला उमगलेले कारण इतरांना पडताळून पाहता येते. उमेदवार निवडताना सामग्रीच विखुरलेली असते आणि आपल्याला काय ठाऊक नाही हेच ठाऊक नसते. रोजच्या कामात दोन्ही परिस्थिती येतात. त्यामुळे मी दोन्ही प्रकारची कोडी देते आणि गटाला त्यांतला फरक स्वतः शोधू देते.

बोलण्याची भीती केवळ कोड्याने जात नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे. समाजशास्त्रज्ञ एलिझाबेथ कोहेन यांनी गटकामातील प्रतिष्ठेच्या उतरंडीवर दीर्घकाळ काम केले. वर्गात कोण 'हुशार' आहे याविषयी मुलांच्या मनात एक क्रम ठरलेला असतो. त्या क्रमाप्रमाणे कोणाला जास्त बोलायला मिळते, कोणाचे ऐकले जाते हे ठरते, आणि जो कमी बोलतो तो कमी शिकतो, हे त्यांनी दाखवून दिले. त्यांचा एक उपाय मी अगदी मनापासून उचलला आहे. काम सुरू होण्याआधी, या कामासाठी कोणकोणत्या वेगवेगळ्या क्षमता लागणार आहेत ते सांगायचे आणि स्पष्ट करायचे की या सगळ्या कोणा एकाजवळ असणार नाहीत, पण प्रत्येकाजवळ यांतली काहीतरी असेल. तर्ककोड्यापुरते बोलायचे तर नीट वाचणे, ऐकलेले जसेच्या तसे लक्षात ठेवणे, तक्ता आखणे, विसंगती हेरणे, दुसऱ्याचे म्हणणे आपल्या शब्दांत परत सांगणे, आणि गट भरकटला की थांबवणे, या सर्व वेगळ्या क्षमता आहेत. कोहेन यांची दुसरी सूचना अधिक अवघड आहे. ज्याला कमी लेखले जाते अशा सदस्याने खरोखर काही मोलाचे केले, तर सुलभकाने, म्हणजे सत्र चालवणाऱ्याने, ते नेमके काय केले आणि त्याचा गटाला काय उपयोग झाला हे सर्वांसमोर सांगायचे. "छान!" म्हणून चालत नाही. कौतुक खोटे असेल तर ते सर्वांत आधी त्या सदस्यालाच कळते, म्हणून सुलभकाला पूर्ण वेळ डोळे आणि कान उघडे ठेवून बसावे लागते.

भूमिका वाटून देण्याविषयी माझे मत कालांतराने बदलले. एकाने वेळ पाहायची, एकाने लिहायचे, एकाने सर्वांना बोलते करायचे, अशी वाटणी मी पूर्वी नेहमी करत असे. पण लेखनिकाची भूमिका वारंवार त्याच प्रकारच्या व्यक्तींकडे जाते आणि लिहिता लिहिता त्यांचे बोलणे थांबते. आता मी फक्त एकच भूमिका ठेवते आणि ती दर कोड्याला फिरती असते: उत्तर जाहीर करण्याआधी प्रत्येकाला त्याची चिठ्ठी पुन्हा वाचायला लावणे आणि ते वाक्य उत्तराशी ताडून पाहणे. ही पायरी त्या दिवशी असती, तर चौथी चिठ्ठी मुठीत राहिली नसती.

सर्वसमावेशकतेचा विचार कागद आणि खोलीपासूनच सुरू होतो. चिठ्ठीवरचा मजकूर मोठ्या, ठळक अक्षरात असावा. रंगांवर आधारलेले कोडे द्यायचे असेल तर रंगाचे नाव शब्दात लिहावे. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्के जणांना लाल आणि हिरव्या छटांतील भेद करणे कठीण जाते, आणि इतरत्रही असे लोक असतातच. श्लेष, म्हणी आणि एखाद्याच गटाला ठाऊक असणारे संदर्भ यांवर बेतलेले कोडे तर्काची परीक्षा घेत नाही, ते फक्त कोण आतला आणि कोण बाहेरचा ते ठरवते. ज्यांना कमी ऐकू येते त्यांच्यासाठी एका वेळी एकानेच बोलणे ही गरज असते, आणि बोलणाऱ्याचा चेहरा दिसेल अशी बैठक लागते. ज्यांचे बोलणे अडखळते त्यांचे वाक्य दुसऱ्याने पूर्ण करू नये, हा नियम मी सर्वांसाठी ठेवते, कोणा एकाकडे बोट न दाखवता. वाचायला वेळ लागणाऱ्यांना चिठ्ठी आदल्या दिवशी मिळाली तरी कोड्याची गंमत जात नाही, कारण बाकीच्या चिठ्ठ्या त्यांच्याजवळ नसतातच. आणि घड्याळ लावून स्पर्धा करणे मी पूर्णपणे बंद केले आहे. वेळेचा दट्ट्या असला की गट सर्वांत आधी ऐकून घेणे सोडतो.

कधी कधी बोलण्यावरच बंदी घालणे उपयोगी पडते. अलेक्स बावेलास यांच्या नावाशी जोडलेला पाच चौरसांचा खेळ मला त्यासाठी आवडतो. पाच जणांना पाच पाकिटांत कागदाचे तुकडे मिळतात. त्यांपासून प्रत्येकापुढे सारख्या आकाराचा एक चौरस तयार व्हायला हवा. बोलायचे नाही, खुणा करायच्या नाहीत, कोणाचा तुकडा मागायचा किंवा उचलायचा नाही. आपला तुकडा दुसऱ्याला देता मात्र येतो. यातली खुबी अशी की एखाद्याचा चौरस चुकीच्या तुकड्यांनीही पूर्ण होऊ शकतो, आणि तसा तो झाला की इतरांचे चौरस कधीच पूर्ण होत नाहीत. ज्याचे काम झाले तो हात बांधून स्वस्थ बसतो, आणि बाकीचे चौघे अडकलेले असतात. आपला पूर्ण झालेला चौरस स्वतः मोडून तुकडा पुढे सरकवणारा माणूस पाहिला की मला दरवेळी भरून येते. येथे मोठा आवाज, अस्खलित भाषा, पद यांतले काहीच कामी येत नाही. दुसऱ्याला काय कमी पडते आहे ते पाहत राहणे एवढेच कामी येते, आणि बोलून सोडवायच्या कोड्यांत मागे राहणाऱ्या काही व्यक्ती येथे सर्वांच्या पुढे असतात.

अनिता वुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ६९९ जणांना दोन ते पाच जणांच्या गटांत बसवून निरनिराळी कामे दिली, तेव्हा गटाची एकूण कामगिरी सदस्यांच्या सरासरी किंवा सर्वोच्च बुद्ध्यंकाशी फारशी निगडित आढळली नाही. दुसऱ्याच्या भावना ओळखण्याची सदस्यांची क्षमता आणि बोलण्याची संधी किती समान वाटली जाते, यांच्याशी ती अधिक जोडलेली होती. हा निष्कर्ष अनेक जण सहभागाची मिनिटे मोजण्यासाठी वापरतात. मी तसे करत नाही. एखादी व्यक्ती दोनच वाक्ये बोलेल आणि ती दोन्ही ऐकली जातील, तर मला त्यात काही उणे वाटत नाही. बोलायचे असूनही बोलता आले नाही, अशी एकही व्यक्ती उठून जाऊ नये, एवढे मी पाहते.

आता उरतो तो सर्वांत वारंवार विचारला जाणारा प्रश्न: ज्याला कोडे मनातल्या मनात एका मिनिटात सुटते, त्याचे काय करायचे? अशी व्यक्ती जवळजवळ प्रत्येक गटात असते, आणि तिला गप्प बसवणे हाही वगळण्याचाच एक प्रकार आहे. मी अलीकडे असे करते, की गटाने उत्तर काढल्यावर चिठ्ठी टाकून एक नाव निवडते आणि त्या व्यक्तीने उत्तरापर्यंतची संपूर्ण वाट सांगायची असते. नाव कोणाचे निघेल हे आधी कोणालाच ठाऊक नसते. त्यामुळे ज्याला आधी सुटले आहे त्याला आपले उत्तर इतर सर्वांना समजेपर्यंत समजावून द्यावे लागते, आणि समजावताना आपण कोठे उडी मारली होती ते त्याचे त्यालाच दिसते. सांगणारी व्यक्ती मध्येच अडली तर इतरांनी उत्तर पुरवायचे नाही; प्रत्येकाने फक्त आपली चिठ्ठी पुन्हा वाचून दाखवायची.

मागच्या सत्रात निवडलेले गृहस्थ गुरुवारपाशी अडले. त्यांना इतिहास गुरुवारी का, हे आठवेना. खोलीत काही क्षण शांतता होती. मग त्यांच्या डावीकडच्या तरुणाने आपली चिठ्ठी उलगडली आणि सावकाश वाचली, "गणिताचे व्याख्यान सोमवारीही नाही आणि शुक्रवारीही नाही." गृहस्थांनी मान हलवली, फळ्यावरच्या शुक्रवारच्या चौकोनावर बोट ठेवले आणि तेथून उलटे मागे येत पुन्हा सांगायला सुरुवात केली.